लेकरांच्या मानेतील गाठी : रूढ समज आणि वस्तुस्थिती

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनीत काय, किंवा आसगाव, कोंढा, भुयार अशा तिच्या तालुक्यातील गावांत काय, लेकराला न्हाऊ घालताना आईच्या बोटांना त्याच्या मानेच्या कडेला हरभऱ्याएवढी गाठ लागली, की त्या घटकेपासून त्या घराचे स्वास्थ्य हरपते. शेजारीण गंडमाळेचे नाव घेते, कोणी क्षयाचे घेते, आणि ज्यांच्या नात्यातील एखादे माणूस कर्करोगाने गेलेले असते ती मंडळी काही न बोलता लेकराकडे नुसती पाहत राहतात, जे बोलण्याहून अधिक भयंकर असते. पंधरा दिवस गेले, महिना लोटला आणि तरीही गाठ जिरली नाही, म्हणजे आरंभीच्या शंकेचे निश्चयात रूपांतर होते. ही भीती अपत्यप्रेमातून उपजलेली असल्यामुळे तिची हेटाळणी करणे मला उचित वाटत नाही. परंतु तिच्यापायी दोन परस्परविरुद्ध अनर्थ होतात, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्या गाठीला काही करावे लागत नाही तिच्यासाठी लेकरू या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरते आणि नाना औषधे पोटात घेते. आणि जिला खरोखर इलाजाची निकड असते ती चुन्याच्या व पाल्याच्या लेपाखाली महिनोन्महिने झाकून राहते. तपासणीच्या आधी रोगाचे नाव ठरवून टाकण्याची घाई हेच या दोन्ही अनर्थांचे मूळ आहे.

मानेत गाठ लागणे म्हणजेच रोग, ही समजूत सर्वांत व्यापक आणि सर्वांत चुकीची आहे. आपल्या शरीरात लसिका ग्रंथी नावाच्या लहान लहान ग्रंथी शेकड्यांनी असतात आणि त्यांपैकी पुष्कळशा एकट्या मानेत असतात. घसा, नाक, दात, कान, डोक्याची कातडी या वाटांनी जे जंतू आत शिरतात, ते लसिका नावाच्या द्रवाबरोबर वाहत या ग्रंथींत येतात आणि तेथील पांढऱ्या पेशी त्यांची विल्हेवाट लावतात. दोन हजार वर्षांपूर्वीपासून नांदत आलेल्या पवनीच्या जुन्या तटाला जशा वेशी होत्या आणि गावात शिरणाऱ्याची झडती तेथेच होत असे, तशीच शरीरातील ही व्यवस्था आहे. आणि झडतीचे काम वाढले की पेशींची संख्या वाढते व ग्रंथी फुगते. निरोगी मुलांची पाहणी करणाऱ्या वैद्यकांना एक तृतीयांशाहून अधिक मुलांच्या, काही पाहण्यांत तर निम्म्याच्या आसपास मुलांच्या मानेत अशा ग्रंथी बोटांना लागलेल्या आहेत. एक सेंटिमीटरपर्यंतची, मऊ किंवा रबरासारखी लवचिक, बोटाखाली इकडून तिकडे सरकणारी मानेतील गाठ खेळत्या-खात्या लेकरात सामान्यच समजावी.

‘पण ती जात का नाही?’ हा प्रश्न आईबापांच्या मनाला खरा डाचतो, आणि त्याचे उत्तर मुलाच्या वाढीच्या स्वभावातच आहे. लसिका ग्रंथींची वाढ उंची-वजनाच्या वाढीबरोबर चालत नाही. ती बालपणी झपाट्याने होते, दहा-बारा वर्षांच्या सुमारास प्रौढ माणसापेक्षाही अधिक होते, आणि त्यानंतर ओसरू लागते. त्यात अंगणवाडीच्या वयाच्या लेकराला वर्षाकाठी सहा-आठ वेळा सर्दी-पडसे होणे ही नित्याची गोष्ट. तेव्हा एका पडशाने फुगलेली ग्रंथी पुरती आक्रसण्यापूर्वीच दुसरे पडसे येऊन ठेपते. याच कारणाने निरुपद्रवी गाठही कित्येक आठवडे, क्वचित महिनोन्महिने बोटाला लागत राहते. ती किती दिवस आहे याला महत्त्व आहेच, पण ती वाढते आहे, स्थिर आहे की ओसरते आहे, याला त्याहून अधिक महत्त्व आहे. म्हणून डॉक्टर पहिल्या भेटीत तिचे माप टिपून घेतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. ‘काहीच दिले नाही’ म्हणून कष्टी होऊन आईबाप दुसरीकडे जातात खरे. परंतु ते माप आणि ती मुदत हा तपासणीचाच भाग असतो, आणि प्रत्येक वेळी नवा दवाखाना, नवे औषध असे झाले म्हणजे गाठीचा सलग वृत्तांत कोणाच्याच दफ्तरी राहत नाही. दररोज दहा वेळा गाठ चाचपण्यानेही काही कळत नाही. उलट ती दुखरी होते.

गाठ कोठे आहे हे पाहिले, तर अर्धा उलगडा घरच्या घरीच होण्यासारखा असतो. डोक्याच्या मागे, केसांच्या सीमेवर लहान गाठींची रांग लागली, तर आधी केस विंचरून पाहावे. उवांनी खाजवून झालेल्या जखमा, खवडे किंवा केसांतील नायटा यांचीच ती साक्ष असते, आणि डोके बरे झाले की गाठी आपोआप ओसरतात. जबड्याखालची गाठ बहुधा किडलेल्या दाताकडे, तोंड आल्याकडे किंवा हिरडीच्या सुजेकडे बोट दाखवते. जबड्याच्या कोनाखालची टॉन्सिलकडे. दुधाचे दात पडायचेच आहेत म्हणून त्यांची कीड दुर्लक्षिली जाते, आणि तीच कीड गाठीच्या रूपाने महिनोन्महिने मानेत ठाण मांडून बसते, ही गोष्ट खेड्यापाड्यांतील लेकरांच्या बाबतीत विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. कानाच्या पुढे व खाली गाल फुगून जबड्याची कड बुजली, तर ते गालगुंड असू शकते. गळ्याच्या मधोमध असलेली आणि गिळताना वरखाली होणारी सूज गलगंडाची. या दोन्ही सुजा निराळ्या ग्रंथींच्या होत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांची लक्षणे एकाच अध्यायात परंतु वेगवेगळी करून सांगितली आहेत. मानेतील सर्व फुगवट्यांना एकच नाव देण्याची सवय आपल्या पूर्वसूरींची नव्हती. या सर्वांत एक स्थान मात्र असे आहे की तेथे मापाची वाट पाहू नये: गळ्याच्या हाडाच्या, म्हणजे हसळीच्या वरच्या खळगीतील गाठ. तिचा संबंध छातीतील व पोटातील आजारांशी असू शकतो, म्हणून ती कितीही लहान असली तरी विनाविलंब दाखवावी.

दुखते ती वाईट आणि न दुखणारी निर्धोक, हा समज तर वस्तुस्थितीच्या बहुतांशी उलट आहे. लाल, गरम, ठणकणारी आणि तापासह दोन-चार दिवसांत वाढलेली गाठ सामान्यतः साध्या जंतूंची असते. तिला प्रतिजैविकांनी किंवा पू काढून उतार पडतो. क्षयाच्या आणि कर्करोगाच्या गाठी पुष्कळदा दुखतच नाहीत, आणि लेकरू रडत नाही म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

आता गंडमाळेविषयी. या नावाभोवती जितकी भीती आणि जितकी लज्जा साठली आहे तितकी क्वचितच दुसऱ्या रोगाभोवती असेल. युरोपातही शतकानुशतके हा राजस्पर्शाने बरा होणारा रोग मानला जात असे. इंग्रजीचा विख्यात कोशकार सॅम्युअल जॉन्सन यास बालपणी, १७१२ साली, ॲन राणीच्या स्पर्शासाठी लंडनला नेले होते, आणि त्या स्पर्शाने काहीही न होता त्याच्या मानेवरील व्रण जन्मभर कायम राहिले. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख याने बर्लिन येथे क्षयाचा जंतू जाहीर केला आणि मंत्र, शाप, वंशदोष या सर्व उपपत्तींचा निकाल लागला. गंडमाळा हा बहुतांशी लसिका ग्रंथींचा क्षय होय, आणि फुप्फुसाबाहेरच्या क्षयाचा हाच प्रकार आपल्या देशात सर्वाधिक आढळतो. त्याची गाठ वाढत जाऊन दोन सेंटिमीटरच्या पलीकडे जाते, शेजारच्या गाठी एकमेकींना चिकटून त्यांचा गठ्ठा होतो, पुढे ती मऊ पडून फुटते आणि स्राव सुरू होतो. तो आईच्या दोषाने होत नाही, थंड खाल्ल्याने किंवा चिंच-आईस्क्रीमने होत नाही, आणि आनुवंशिकही नाही. लेकराला तो बहुधा फुप्फुसाचा क्षय झालेल्या मोठ्या माणसाच्या खोकल्यातून लागतो. तेव्हा अशा घरात ‘लेकराला हे कसे झाले’ असे कपाळाला हात लावून विचारण्याऐवजी ‘आपल्यात दोन आठवड्यांहून अधिक कोण खोकते आहे’ असे विचारावे, आणि त्या आजोबांची, मामाची किंवा शेजाऱ्याची थुंकी तपासून घ्यावी. उलट, केवळ गाठींचा क्षय असलेल्या लेकरापासून सहसा दुसऱ्याला लागण होत नाही. त्याचे ताट वेगळे करणे, त्याला भावंडांपासून दूर निजवणे किंवा शाळेतून काढणे हे निष्कारण आणि निर्दय आहे.

निदानाच्या बाबतीत तर गैरसमजांचा गुंता अधिकच वाढतो. हातावर टोचून अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांनी वाचायची जी मॅन्टो चाचणी, ती सकारात्मक आली म्हणजे क्षय ठरला असे लोक मानतात. तिच्यावरून एवढेच कळते की क्षयाचे जंतू कधीतरी शरीरात शिरलेले असावेत. रोग झाला आहे असे तेवढ्याने सिद्ध होत नाही, आणि अशक्त, कुपोषित मुलात रोग असूनही ती नकारात्मक येऊ शकते. रक्तातील प्रतिद्रव्ये मोजून क्षय ठरवणाऱ्या चाचण्यांवर तर केंद्र सरकारने २०१२ सालीच बंदी घातली आहे. खातरीचा मार्ग म्हणजे बारीक सुईने गाठीतील अंश काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली व जनुकीय यंत्रावर तपासणे. ‘सुई टोचली की रोग अंगभर पसरतो’ या भयाने कित्येक आईबाप येथूनच परत फिरतात, आणि या भयाला आधार नाही. मात्र या समजुतीच्या पोटी एक सत्याचा अंशही आहे, तो नाकारू नये: क्षयाच्या मऊ पडलेल्या गाठीला साधे गळू समजून चीर दिली, तर ती जखम महिनोन्महिने भरत नाही आणि वाहत राहते. लोकांनी अशा वाहत्या जखमा पाहिल्या आणि सर्वच शस्त्रकर्माचे भय घेतले, हे स्वाभाविक होते. सुईची तपासणी आणि चीर या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे त्यांना कोणी समजावून सांगितले नाही.

लेपाने गाठ ‘बसते’, असा अनुभव अनेकजण प्रामाणिकपणे सांगतात. जी आपोआप ओसरणार होती ती लेपाखालीही ओसरते; त्याचे श्रेय लेपाला जाते, आणि पुढच्या लेकराच्या क्षयाच्या गाठीवर तोच लेप मोठ्या विश्वासाने बसतो. लेप एक वेळ निरुपद्रवी म्हणता येईल. पण बिब्बा घालणे, डाग देणे आणि जोराने चोळणे यांनी कोवळी कातडी भाजते, चिघळते, आणि खरी तपासणी अवघड होते. आधुनिक औषधांचाही असाच दुरुपयोग होतो. एकामागून एक प्रतिजैविके बदलणे, निदान नसताना ‘करून पाहू’ म्हणून क्षयाच्या गोळ्या सुरू करणे, आणि सर्वांत घातक म्हणजे स्टेरॉइड देणे. स्टेरॉइडने कर्करोगाची गाठही काही काळ लहान होते. घरच्यांना हायसे वाटते, आणि तुकडा काढून तपासला तरी निदान चुकण्याची भीती उत्पन्न होते.

कर्करोगाचे भय बोलून दाखवले जात नाही, म्हणून त्याविषयी मोकळेपणाने लिहितो. लेकरांच्या मानेतील गाठींत तो विरळा आहे. गाठ कठीण, खाली घट्ट चिकटलेली, सतत वाढणारी असेल, किंवा बरोबर दीर्घ ताप, रात्री अंथरूण भिजवणारा घाम, वजनातील घट, अंगावर निळे-लाल डाग असतील, तर शंका बळावते. पांढुरकेपणाही या यादीत येतो. परंतु पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार पुष्कळ आढळतो, म्हणून निस्तेज लेकराचे रक्त त्यासाठीही तपासून घेतलेले बरे. आणि शंका खरी ठरली तरी ती फाशीची शिक्षा नव्हे. हॉजकिनच्या लसिकार्बुदासारखा कर्करोग वेळेवर उपचार मिळाल्यास बहुसंख्य मुलांत बरा होतो.

क्षयाविरुद्धची बीसीजी लस डाव्या दंडावर दिल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तान्ह्या बाळाच्या डाव्या काखेत, क्वचित हसळीच्या वर, कधी कधी गाठ येते. तिचा लसीशी संबंध आहे की नाही हे डॉक्टरांनी पाहून ठरवावे. बहुतेक गाठी काही न करता ओसरतात, आणि त्यापायी पुढील लसीकरण थांबवण्याचे कारण नाही. लस घेतली म्हणून गाठींचा क्षय होणारच नाही, असेही नाही; लहान मुलांना मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या क्षयापासून वाचवणे हा तिचा मुख्य उपयोग आहे. भंडारा जिल्ह्यात हत्तीरोग असल्यामुळे मानेतील गाठीही त्याच्याच खाती टाकल्या जातात. तो मुख्यत्वे हातपाय आणि वृषण यांच्या लसिकावाहिन्यांचा रोग असून मानेतील गाठींचा खुलासा त्याने होत नाही.

लेकरू खेळते आहे, जेवते आहे आणि गाठ लहान व सरकती आहे, तर चार ते सहा आठवडे नोंद ठेवून पाहण्यास हरकत नाही. गाठ दोन सेंटिमीटरहून मोठी असेल, दोन आठवड्यांत वाढत गेली असेल किंवा सहा आठवड्यांतही मुळीच ओसरली नसेल, तर पवनीच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. श्वासाला किंवा गिळण्याला अडथळा होत असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, निघावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाडीत व शाळेत तपासणीस येतात; त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नये. गरज पडल्यास भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय, आणि त्यापुढे नागपूरचे मेडिकल, मेयो किंवा एम्स. जाताना आधीच्या चिठ्ठ्या, दिलेल्या औषधांची वेष्टने आणि लेकराच्या वजनाची नोंद बरोबर न्यावी. तोंडी सांगण्यापेक्षा या कागदांनी डॉक्टरांचा पुष्कळ वेळ वाचतो.

क्षय ठरला, तर सरकारी दवाखान्यात त्याचा इलाज विनामूल्य होतो: लेकराच्या वजनाप्रमाणे पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या, पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन. निक्षय पोषण योजनेतून उपचाराच्या काळात मिळणारी दरमहा रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून पाचशेवरून एक हजार रुपये झाली आहे. तिच्यासाठी बँक खात्याचा तपशील नोंदणीच्या वेळीच द्यावा. औषध चालू असताना गाठ मध्येच फुगते, क्वचित नवीही दिसते. शरीर मेलेल्या जंतूंवर प्रतिक्रिया देत असल्यामुळे हे पुष्कळदा घडते, आणि ‘गोळ्या लागू पडत नाहीत’ असे ठरवून लोक नेमक्या याच टप्प्यावर औषध सोडतात. तेव्हा डॉक्टरांना दाखवावे, गोळ्या मात्र एक दिवसही खंडू देऊ नयेत. सहा महिने पूर्ण झाल्यावर हरभऱ्याएवढी कठीण गाठ मागे राहिली, आणि लेकराचे वजन वाढले, भूक परतली, डॉक्टरांनी औषध बंद केले, तर ती गाठ बहुधा भरून आलेल्या ग्रंथीचा अवशेष असते. पुढील दोन वर्षे दर सहा महिन्यांनी तिची तपासणी करून घेतली म्हणजे पुरे.