पुराचा गाळ आणि ट्राउट

जुलै २०२३ मध्ये अतिवृष्टीमुळे हिमाचल प्रदेशातील बियास नदीला मोठा पूर आला. तिच्या थंड पाण्यात ट्राउट मासा राहतो. एवढ्या लोंढ्यात तो तगतो कसा? मोठे मासे बहुधा खडकांच्या आडोशाला किंवा काठालगतच्या संथ पाण्यात थांबतात. ट्राउट भक्ष्य पाहून टिपतो. त्यामुळे पाणी गढूळ असेपर्यंत तो गळाला क्वचितच लागतो. पाणी निवळू लागले, की वाहून आलेले किडे, गांडुळे खायला तो बाहेर पडतो.

पूर ओसरला तरी गाळ मागे राहतो, आणि खरा धोका त्याचाच आहे. तपकिरी ट्राउटची मादी थंडीच्या सुमारास तळातील खड्यांत खळगा करून अंडी घालते व ती खड्यांनी झाकते. खड्यांच्या फटींतून वाहणारे पाणी अंड्यांना ऑक्सिजन पुरवते. गाळाने फटी बुजल्या, की अंडी गुदमरतात.

हे आपण वर्गात पाहू शकतो. तळाला भोके पाडलेल्या दोन सारख्या डब्यांत खडी भरू. एकीत बारीक माती मिसळू. दोन्हींत सारखेच पाणी ओतून ते खाली उतरण्यास लागणारा वेळ मोजू. मग विद्यार्थ्यांना विचारू : डोंगरउतारावरची झाडी तोडली, तर नदीचा तळ यांपैकी कोणत्या डब्यासारखा होईल?