बांधकामावरील सुरक्षितता आणि वरिष्ठांचे वर्तन

बांधकामावर वरिष्ठांनी सुरक्षिततेचा धडा स्वतःच्या वागण्यातून घालून द्यावा, हे तत्त्व सर्वमान्य असले, तरी त्याचा अर्थ बहुधा साहेबांनी हेल्मेट घालणे आणि 4 मार्चला, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा दिनी, कामगारांसोबत शपथ घेणे एवढाच लावला जातो. वस्तुतः हेल्मेट ही बचावाची शेवटची फळी होय; वरून पडणाऱ्या विटेचा आघात ते सौम्य करते, माणसाचे पडणे रोखत नाही. लिफ्टच्या विहिरीपुढचा कठडा सामान आत घेण्यासाठी काढला जातो आणि अनेकदा तसाच राहून जातो. अशा वेळी साईट इंजिनिअर काही न बोलता तिथून पुढे गेला, तर हेल्मेट घातलेले असूनही त्याने मुकादमाला आणि बिगाऱ्यांना हा धोका चालण्याजोगा आहे, असेच कळवलेले असते. याउलट, कठडा पुन्हा बसेपर्यंत त्याने काम थांबवले आणि त्या वेळेचा कोणाचाही रोज कापू दिला नाही, तर त्याचे म्हणणे सर्वांना न सांगता समजते.

बहुतेक अपघात कामगारांच्याच निष्काळजीपणामुळे होतात, हा दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. त्याला अमेरिकेतील हर्बर्ट हाइनरिख यांच्या 1931 च्या ग्रंथातील 88 टक्क्यांच्या आकड्याचा आधार दिला जातो. परंतु तो आकडा विमा कंपन्या आणि कारखानदार यांच्या नोंदींवरून काढलेला होता, आणि अशा नोंदींत दोष कामगाराकडे जाणे सोपे असते. परांचीवरच्या गवंड्याने सेफ्टी बेल्ट बांधला, पण हुक अडकवण्यासाठी जीवनदोरी, म्हणजे इमारतीच्या पक्क्या भागाला बांधलेला आधाराचा दोर, कोणी लावलेलीच नसेल, तर त्याला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे आहे.

सुरक्षिततेवरचा खर्च वाया जातो, या समजुतीला सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल हे ठोस उत्तर आहे. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी पुलाखाली जाळी बांधून घेतली आणि तिने 19 जणांचे प्राण वाचवले. मात्र 17 फेब्रुवारी 1937 रोजी कोसळलेल्या अवजड मचाणाने तीच जाळी फाडली आणि 10 कामगार दगावले. म्हणजे चांगली साधने आणल्यावरही मचाणाच्या आधारांची तपासणी कोणाला तरी नित्य करावीच लागते.

ही तपासणी फक्त सुरक्षा अधिकाऱ्याचे काम आहे, असेही मानले जाते. बांधकाम कामगारांविषयीच्या 1996 च्या केंद्रीय अधिनियमाने 500 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच सुरक्षा समिती आणि सुरक्षा अधिकारी सक्तीचे केले होते, तर सततच्या व पुरेशा देखरेखीची जबाबदारी कलम 44 नुसार प्रत्येक नियोक्त्यावर, म्हणजे काम देणाऱ्यावर, टाकली होती. चार-पाच मजल्यांच्या साध्या इमारतीवर असा अधिकारी सहसा नसतोच. तिथे कामगार ठेकेदाराकडे आणि मुकादमाकडे पाहूनच आपले वागणे ठरवतात.