वाढवण बंदर ‘हरित’ होणार, म्हणजे नेमकं काय होणार?

पालघर : डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी रुपये. प्रकल्पात जेएनपीएचा वाटा ७४ टक्के, तर महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के आहे. हे बंदर ‘हरित’ असेल, असं सांगितलं जातं. पण बंदर हरित ठरतं कशावरून?

कागदावर काय आहे?
केंद्राने मे २०२३ मध्ये प्रमुख बंदरांसाठी ‘हरित सागर’ मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. टनामागे होणारं कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी घटवायचं, हे त्यातलं एक उद्दिष्ट. धक्क्याला लागलेल्या जहाजाला किनाऱ्यावरून वीज देणं, विजेवर चालणारी यंत्रं वापरणं, हे त्याचे मार्ग.

खरा प्रश्न सवयीचा
यंत्रं आणली म्हणजे काम झालं, असं नाही. जहाजाने किनाऱ्यावरची वीज घेतलीच नाही, तर इंजिनाचा धूर चालूच राहणार. गेटबाहेर ट्रकच्या रांगा लागल्या, तर धूळ आणि धूर गावातच येणार. समजा, पाण्यात तेल सांडलेलं कंत्राटी कामगाराला दिसलं. ते वर कळवलं तर शाबासकी मिळेल की काम जाईल? साहेब फक्त ‘आज किती कंटेनर हलले’ एवढंच विचारत असेल, तर बाकीच्या नोंदी कागदावरच राहतात.

कोणाची अपेक्षा मोजली जाते?
जहाज कंपनीला वेळ वाचवायचाय, ट्रकवाल्याला फेऱ्या वाढवायच्यात. मच्छीमाराला बोटीची वाट आणि मासे मिळण्याची जागा टिकायला हवी. त्याचं म्हणणं आधी ऐकलं नाही, तर पुढे काय होतं ते उरणला दिसलं. तिथे समुद्रातील भराव, तिवरांची हानी आणि भरतीच्या पाण्याची अडवणूक यावरून मच्छीमार हरित लवादाकडे गेले. २०१५ मध्ये लवादाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटींहून अधिक भरपाई देण्याचा आदेश जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसीला दिला. पण भरपाई म्हणजे गेलेली मासेमारी परत येणं नव्हे.

गावाने काय विचारावं?
बंदराला विरोध असो वा पाठिंबा, ग्रामसभेत हे प्रश्न विचारता येतील :
• हवा-पाण्याच्या तपासणीचे आकडे दर महिन्याला गावात मराठीत लागतील का?
• गाळ नेमका कुठे टाकणार, आणि त्यावर लक्ष ठेवताना मच्छीमार सोबत असतील का?
• तक्रार करणाऱ्या कामगाराला संरक्षण काय?

उत्तरं तोंडी नकोत. ठरावात लिहून घ्यावीत, म्हणजे उद्या जाब विचारता येतो.