आईबरोबर बसमध्ये बसलेली मुलगी

घरात कॉलेजला जाणारी मुलं असली, की एक आवाज चांगलाच ओळखीचा होतो. मागे काहीतरी धडधडत असतं आणि त्यावर कुणीतरी तालात भराभर बोलत असतं. ‘हे काय गाणं झालं?’ असं म्हणून आपण दार लोटून घेतो. मीही तेच करीत असे. एकदा मात्र भाचीनं हाताला धरून बसवलं. म्हणाली, ‘‘मावशी, हे ऐक. यात तुंबी आहे बघ.’’ आणि खरंच की! पंजाबी भांगड्यात वाजते ती एका तारेची तुंबी, जोडीला तबला. गाणारी मात्र अमेरिकेची, मिसी एलियट. गाणं २००१ सालचं, ‘गेट युअर फ्रीक ऑन’. त्याला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. या बाईची हकीकत मग मी मिळवून वाचली. म्हटलं, मैत्रिणींना सांगायलाच हवी.

मिसीचा जन्म १ जुलै १९७१ चा, व्हर्जिनिया राज्यातल्या पोर्ट्समथ गावचा. अमेरिकेच्या दक्षिण भागातलं हे बंदराचं गाव, आरमाराच्या जहाजांची मोठी गोदी असलेलं. वडील सैन्यात, आई वीज कंपनीत नोकरीला. बाहेरून पाहिलं तर चारचौघांसारखं घर. आत मात्र बाप आईला मारायचा. मिसी मैत्रिणींकडे राहायलासुद्धा जात नसे. आपण घरात नसताना आईचं काही बरंवाईट झालं तर, ही धास्ती!

ती चौदा वर्षांची असताना आई एक दिवस म्हणाली, चल, बसमधून जरा फिरून येऊ. मायलेकी निघाल्या, त्या परत त्या घरी गेल्याच नाहीत. नातेवाइकांकडे सामानाचा ट्रक आधीच भरून ठेवलेला होता. वर्षानुवर्षं मार खाणाऱ्या त्या बाईनं हे सगळं किती गुपचूप, किती धीरानं जमवलं असेल, याचा विचार करा. आईला स्वतःचं बळ तेव्हा कळलं आणि त्यातूनच मीही बळकट झाले, असं मिसीनं पुढे सांगितलं आहे.

गाण्याचं वेड लहानपणापासूनचं. मैत्रिणींना घेऊन तिनं एक गट काढला. गावातलाच तरुण मित्र टिंबालँड संगीत रचायचा. एका नामवंत निर्मात्यानं त्यांना ऐकलं आणि सगळी मंडळी न्यूयॉर्कच्या बाजूला गेली. वीसएक जण एकाच घरात दाटीवाटीनं राहायचे. पण १९९४ साली तयार झालेला त्यांचा अल्बम नीट बाजारात आलाच नाही. त्याआधी तर याहून जिव्हारी लागणारी गोष्ट घडली होती. एका गाण्यात मिसीचा आवाज होता, पण चित्रफितीत तिच्याऐवजी उजळ रंगाची, सडपातळ मुलगी ओठ हलवताना दिसली! सावळी आणि अंगानं भरलेली मुलगी पडद्यावर शोभणार नाही, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. दाखवायच्या कार्यक्रमातून हिरमुसून उठलेल्या किती मुली आपण पाहिल्या आहेत, नाही का?

मिसी रडत बसली नाही. ती दुसऱ्यांसाठी गाणी लिहू लागली. आलिया या तरुण गायिकेच्या १९९६ च्या अल्बमसाठी तिनं नि टिंबालँडनं गाणी केली आणि ती गाजली. मग इलेक्ट्रा कंपनीच्या प्रमुख सिल्व्हिया रोन यांनी तिला स्वतःची संगीत कंपनी चालवायला दिली. १९९७ साली तिचा पहिला अल्बम आला. दोनच आठवड्यांत ध्वनिमुद्रित केलेला, आणि अमेरिकेतल्या विक्रीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचलेला. त्यातल्या एका गाण्याच्या चित्रफितीत तिनं काय घातलं असेल? हवा भरून फुगवलेला काळा पोशाख, मोठ्या फुग्यासारखा! ‘जाडी म्हणता ना, मग ही घ्या,’ असंच जणू तिनं सुनावलं.

आता आपल्या कामाची गोष्ट. २००८ साली गाडी चालवताना तिचा पाय अचानक थडथड उडायला लागला. ब्रेक दाबता येईना, अपघात होता होता वाचला. तपासणीत ‘ग्रेव्हज’ नावाचा आजार निघाला. यात शरीराची संरक्षणयंत्रणा चुकून गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला चेतवते आणि ग्रंथी गरजेपेक्षा जास्त स्राव सोडते. मग छातीत धडधड, हाताला कंप, घाम, वजन उतरणं, केस गळणं, कधी डोळे पुढे आल्यासारखे दिसणं सुरू होतं. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो. गाणी लिहिणाऱ्या मिसीला हातात पेन धरवेना. किरणोत्सारी उपचारांनंतर तिला आराम पडला. अशी लक्षणं दिसली तर ‘कामाचा शीण असेल’ म्हणून अंगावर काढू नका. रक्ताच्या साध्या तपासणीत थायरॉइडचा दोष कळतो. आणि चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका बरं का.

बरीच वर्षं ती फारशी दिसली नाही. लोक म्हणाले, संपली. २०१५ च्या फेब्रुवारीत फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात ती रंगमंचावर आली, तेव्हा एकट्या अमेरिकेत अकरा कोटींवर लोक तो कार्यक्रम पाहत होते. २०१९ साली गीतकारांच्या सन्मानमंडळात आणि २०२३ साली रॉक संगीताच्या सन्मानमंडळात तिची निवड झाली. दोन्हीकडे असा मान मिळालेली ती पहिली रॅप गायिका. २०२२ साली पोर्ट्समथमधल्या एका रस्त्याला तिचं नाव दिलं गेलं.

ज्या गावात आई मुकाट्यानं मार खात होती, त्याच गावातला रस्ता आज मुलीच्या नावाचा आहे. त्या रस्त्याची सुरुवात मात्र मला दिसते ती त्या बसमध्ये, मुलीचा हात घट्ट धरून बसलेल्या आईपाशी.