सांत्वनाचे पुस्तक (यिर्मया)

सांत्वनाचे पुस्तक हे बायबलच्या जुन्या करारातील यिर्मया या ग्रंथाच्या ३० ते ३३ या अध्यायांना अभ्यासकांनी दिलेले रूढ नाव आहे. यिर्मयाच्या ग्रंथाचा बहुतांश भाग यहूदाच्या राज्यावर येऊ घातलेल्या विनाशाचा इशारा देतो. हे चार अध्याय मात्र त्या विनाशापलीकडील पुनःस्थापनेविषयी बोलतात. तरीही त्यांतील मजकूर केवळ दिलासा देणारा नाही. असाध्य जखम, वादळासारखा कोप आणि मुलांसाठी आक्रोश करणारी आई या प्रतिमा आश्वासनांच्या शेजारीच येतात. कठोर संदेशवचनांमध्ये आधार कसा शोधावा, या प्रश्नाच्या चर्चेत ज्यू व ख्रिस्ती वाचक म्हणूनच या अध्यायांकडे वारंवार वळले आहेत. ‘नवा करार’ ही संज्ञाही मुळात याच भागातील आहे.

नाव व व्याप्ती

तिसाव्या अध्यायाच्या आरंभी यिर्मयाला मिळालेली सर्व वचने एका पुस्तकात लिहून ठेवण्याची आज्ञा होते. ‘पुस्तक’ हा शब्द या नावात तेथूनच आला आहे. काही अभ्यासक केवळ ३० व ३१ या मुख्यतः काव्यमय अध्यायांनाच हे नाव देतात. तर काहीजण ३२ व ३३ हे गद्य अध्यायही त्यात धरतात.

ग्रीक भाषेतील सप्तती या प्राचीन भाषांतरात यिर्मयाचा ग्रंथ हिब्रू पाठापेक्षा सुमारे एक-अष्टमांशाने लहान असून त्यातील प्रकरणांचा क्रमही वेगळा आहे. तेथे हा भाग ३७ ते ४० या अध्यायांत येतो आणि हिब्रू पाठातील ३३:१४–२६ हा उतारा आढळत नाही. मृत समुद्राजवळील कुमरान येथे सापडलेल्या हस्तलिखितांत या ग्रंथाच्या लहान व मोठ्या अशा दोन्ही पाठांशी जुळणारे हिब्रू तुकडे आहेत. त्यावरून ग्रंथाचे एकाहून अधिक पाठ प्राचीन काळी प्रचलित होते असे दिसते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

उत्तरेकडील इस्राएलचे राज्य इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरी साम्राज्याने नष्ट केले. दक्षिणेकडील यहूदाचे राज्य टिकून राहिले, परंतु इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम जिंकून राजाला व प्रतिष्ठित नागरिकांना बंदिवासात नेले. इ.स.पू. ५८७ किंवा ५८६ मध्ये नगर व मंदिर उद्ध्वस्त झाले. यिर्मयाचे कार्य ग्रंथातील नोंदीनुसार योशीया राजाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६२७ च्या सुमारास सुरू झाले आणि नगराच्या पाडावानंतरही चालू राहिले.

या अध्यायांच्या अगोदर येणारे २८ व २९ हे अध्याय त्यांचा आशय समजण्यास साहाय्यक ठरतात. अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात जाहीर करतो की, दोन वर्षांच्या आत बाबेलची सत्ता मोडेल आणि बंदिवान परत येतील. यिर्मया त्याला खोटा संदेष्टा ठरवतो. एकोणतिसाव्या अध्यायात तो बाबेलमधील बंदिवानांना पत्र पाठवून तेथे घरे बांधण्यास, बागा लावण्यास व त्या नगराचे हित चिंतण्यास सांगतो. परत येण्यास सत्तर वर्षे लागतील असेही कळवतो. भविष्यकाळ आणि आशा यांविषयीचे सुपरिचित आश्वासन (२९:११) याच पत्रात आहे. ते पुष्कळदा व्यक्तिगत यशाचे वचन म्हणून उद्धृत होते. मूळ संदर्भात मात्र ते एका समुदायाला उद्देशून आहे आणि त्याची पूर्तता पाहण्यास मूळ श्रोत्यांपैकी बहुतेकजण जिवंत राहणार नव्हते. संकटाचे स्वरूप लपवणारा दिलासा आणि ते मान्य करून दिलेला दिलासा यांतील हा भेद पुढील अध्यायांतही कायम राहतो.

आशय

तिसावा अध्याय भयाच्या चित्राने सुरू होतो. पुरुष प्रसूतिवेदनांनी ग्रासलेल्या स्त्रीप्रमाणे कमरेवर हात ठेवून उभे आहेत आणि सर्वांचे चेहरे फिकट पडले आहेत. या काळाला याकोबाच्या संकटाचा समय म्हटले आहे. मात्र त्याच वचनात याकोब त्यातून तारला जाईल असेही सांगितले आहे. येथे संकट टळणार नसून लोक त्यातून पार होणार आहेत.

पुढे (३०:१२–१७) जनतेची जखम असाध्य आहे, तिच्यावर औषध नाही आणि ती परमेश्वरानेच केली आहे असे म्हटले आहे. यानंतर ‘म्हणून’ या अर्थाचा हिब्रू शब्द येतो. संदेष्ट्यांच्या वाङ्मयात हा शब्द बहुधा शिक्षेच्या घोषणेपूर्वी वापरला जातो. येथे त्यानंतर शिक्षेऐवजी शत्रूंचा पराभव आणि जखम बरी करण्याचे अभिवचन येते. तर्कदृष्ट्या हे वळण अनपेक्षित असल्याने भाष्यकारांनी त्याची विविध स्पष्टीकरणे दिली आहेत. एका मतानुसार उपाय उरलेला नाही हेच परमेश्वराच्या हस्तक्षेपाचे कारण ठरते. दुसऱ्या मतानुसार मुळात स्वतंत्र असलेली दोन वचने येथे जोडली गेली आहेत.

एकतिसाव्या अध्यायात राहेल ही पूर्वजमाता रामा येथे आपल्या मुलांसाठी रडत असून सांत्वन नाकारत आहे असे वर्णन आहे (३१:१५). रामा हे यरुशलेमच्या उत्तरेकडील गाव होते. बाबेलकडे नेण्यात येणाऱ्या बंदिवानांना तेथे ठेवले जात असे आणि खुद्द यिर्मयाही त्यांच्यासोबत बेड्यांत होता, असे ४०:१ वरून दिसते. राहेलचा शोक चुकीचा आहे असे मजकूर कोठेही म्हणत नाही. मुले शत्रूच्या देशातून परत येतील, हे तिला मिळालेले उत्तर आहे. त्यानंतर उत्तरेकडील वंशांचे प्रतीक असलेला एफ्राइम पश्चात्ताप करतो आणि परमेश्वर त्याला लाडका मुलगा मानून त्याच्यासाठी कळवळतो.

याच अध्यायात नवीन कराराचे वचन आहे (३१:३१–३४). इस्राएलच्या व यहूदाच्या घराण्यांशी होणारा हा करार पूर्वीच्या करारासारखा नसेल. नियमशास्त्र लोकांच्या अंतःकरणावर लिहिले जाईल, लहानापासून थोरापर्यंत सर्वजण परमेश्वराला ओळखतील आणि त्यांच्या पापांची आठवण ठेवली जाणार नाही, असा त्याचा आशय आहे.

अनाथोथचे शेत

बत्तिसाव्या अध्यायातील घटना सिद्कीया राजाच्या दहाव्या वर्षातील आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता आणि नगराचा पाडाव होणार असे सांगितल्यामुळे यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. तेथे त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन अनाथोथ या त्यांच्या मूळ गावातील शेत विकत घेण्याची विनंती करतो. कुटुंबाची जमीन सोडवून घेण्याचा हक्क यिर्मयाचा होता.

यिर्मया सतरा शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदारांसमोर खरेदीखत करतो आणि त्याची मोहोरबंद व उघडी अशी दोन्ही पत्रे बारूख या आपल्या लेखनिकाकडे सोपवतो. ती दीर्घकाळ टिकावीत म्हणून मातीच्या भांड्यात ठेवण्यास सांगितले जाते. या देशात घरे, शेते व द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, याचे हे चिन्ह होते. व्यवहार पूर्ण झाल्यावरही यिर्मया प्रार्थनेत आपला गोंधळ व्यक्त करतो : नगर शत्रूच्या हाती जात असताना शेत कशासाठी घ्यायचे? ग्रंथातील वृत्तांतानुसार त्याला पुढे इजिप्तमध्ये नेण्यात आले. त्या शेताचा त्याने उपभोग घेतल्याचा उल्लेख नाही.

परंपरांमधील वाचन

ज्यू परंपरेत ३१:२–२० हा उतारा रोश हशाना या नववर्षाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सभास्थानात वाचला जातो. विलापगीतावरील मिद्राश या प्राचीन भाष्यात बंदिवान मुलांसाठी राहेल परमेश्वराकडे रदबदली करते आणि इतर पूर्वजांच्या विनवण्यांना न मिळालेले उत्तर तिला मिळते, अशी कथा आहे.

मत्तयकृत शुभवर्तमानात हेरोद राजाने बेथलेहेममधील बालकांची हत्या केल्याच्या प्रसंगी राहेलच्या विलापाचे वचन उद्धृत केले आहे (मत्तय २:१८). मत्तय केवळ विलापाचा भाग देतो. त्यानंतरचे आशेचे शब्द देत नाही. संपूर्ण अध्याय वाचकाच्या मनात असावा अशी लेखकाची अपेक्षा होती, असे काही भाष्यकार मानतात. तर हत्येच्या प्रसंगी घाईने दिलासा देणे लेखकाने टाळले, असे इतरांचे मत आहे. पाश्चात्त्य चर्चमध्ये २८ डिसेंबर रोजी या बालकांचे स्मरण केले जाते.

नवीन कराराविषयीचा उतारा इब्री लोकांस पत्राच्या आठव्या अध्यायात जवळजवळ संपूर्ण उद्धृत झाला असून नव्या करारातील जुन्या कराराचे ते सर्वांत दीर्घ अवतरण आहे. लूककृत शुभवर्तमान आणि करिंथकरांस पहिले पत्र यांत प्रभुभोजनाच्या प्याल्याचा संबंध नव्या कराराशी जोडला आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या दुसऱ्या विभागाला याच संज्ञेवरून नाव मिळाले. मराठी बायबलमधील ‘नवा करार’ हे शीर्षकही त्याच परंपरेतील आहे.

अन्वयार्थाविषयीचे मतभेद

एफ्राइम व शोमरोन यांच्या उल्लेखांमुळे ३० व ३१ या अध्यायांतील काही काव्य मुळात उत्तरेकडील राज्याच्या लोकांसाठी रचले गेले आणि यरुशलेमच्या पाडावानंतर त्याचा विस्तार यहूदापर्यंत करण्यात आला, असे अनेक अभ्यासक मानतात.

अभिवचनांच्या पूर्ततेविषयीही एकमत नाही. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणी सम्राट कोरेश याने बाबेल जिंकल्यानंतर यहूदाचे काही बंदिवान परतले आणि मंदिर पुन्हा बांधले गेले. मात्र उत्तरेकडील वंशांचे तसे पुनरागमन झाले नाही. काही वाचक ही पूर्तता ख्रिस्तामध्ये पाहतात, काही ती भविष्यकाळातील मानतात, तर काही या वचनांकडे बंदिवासातील समुदायाला धीर देणारे काव्य म्हणून पाहतात.

नव्या करारामुळे इस्राएलशी झालेला करार रद्द झाला, असा अर्थ ख्रिस्ती परंपरेत दीर्घकाळ काढला जात होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक चर्चनी या भूमिकेचा पुनर्विचार केला. रोमन कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ज्यू धर्माशी असलेल्या नात्याविषयी विधान केले. हे वचन इस्राएल व यहूदा यांच्या घराण्यांना उद्देशून आहे आणि त्याच्या लगेच पुढे (३१:३५–३७) सूर्य, चंद्र व तारे यांची व्यवस्था टिकेल तोवर इस्राएल टिकेल असे म्हटले आहे, याकडे आधुनिक भाष्यकार लक्ष वेधतात. एका समुदायाला त्याच्या सर्वाधिक कठीण काळात दिलेला दिलासा त्याच समुदायाविरुद्ध वापरता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे.