सल्ला न देण्याचा धंदा

सकाळी ७.००
पहिलं सेशन न्यू जर्सीतल्या एका मराठी इंजिनिअरबरोबर. तिथे आदल्या रात्रीचे साडेनऊ. मुलं झोपली की तो लॅपटॉप उघडतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत थांबायचं की पुण्याला परतायचं? "मॅडम, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?" हे ठरलेलं. मी ते टाळते, कारण लाइफ कोचिंगमध्ये निर्णय ज्याचा, उत्तरही त्याचंच. "परतायचं ठरलं, तर पहिल्यांदा कोणाला सांगाल?" "बायकोला. खरं तर तिला अजून नीट विचारलंच नाहीये." पुढच्या आठवड्याचं काम ठरलं.

१०.३०
चाकण. वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. नवे प्लँट हेड शॉप फ्लोअरवरून वर आलेले. हाताखालच्यांचं प्रत्येक काम अजून स्वतःच तपासतात. हे एक्झिक्युटिव्ह कोचिंग. फी कंपनी भरते आणि मन मोकळं करतो तिचा नोकर, त्यामुळे सुरुवातीलाच ते, त्यांचे वरिष्ठ आणि मी अशी तिघांची बैठक होते. उद्दिष्टं लेखी ठरतात. सेशनमध्ये काय बोललं गेलं ते मात्र बाहेर जात नाही. तरीही एचआरच्या बाई जिन्यात गाठतातच. "काय म्हणतायत आमचे साहेब?" "वेळेवर येतात," मी सांगते. बाकीचं ते स्वतः सांगतील.

दुपारी १.००
गाडीतच डबा आणि टिपणं. टिपणांत नाव नाही, फक्त आद्याक्षर.

२.३०
सदाशिव पेठ. यूपीएससीच्या मुलाखतीची रंगीत तालीम. मुख्य परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ गुण धरून अंतिम यादी लागते, म्हणून इथे पोरं जीव तोडून येतात. सकाळचा नियम इथे उलटा. सरळ सांगते: उत्तर लांबलं, पाय हलतोय, येत नसेल तर 'माहीत नाही' म्हण. हे प्रशिक्षण आहे; इथे प्रश्नाला प्रश्न करत बसले तर पोराचं नुकसान.

४.३०
करिअर कोचिंग. मुलासाठी नोकरी सोडलेली एक चार्टर्ड अकाउंटंट पुन्हा कामाला लागू पाहते. इथे 'ग्रो'चा साचा उपयोगी पडतो: ध्येय काय, आज कुठे आहोत, वाटा कोणत्या, यातलं नक्की काय करणार. टेनिस शिकवणाऱ्या टिमोथी गॅलवे यांनी १९७४ च्या पुस्तकात मांडलं, की खेळाडूच्या आड प्रतिस्पर्ध्याइतकंच त्याचं स्वतःचं मनही येतं. तो विचार ब्रिटनमध्ये जॉन व्हिटमोर यांनी कचेऱ्यांत नेला आणि 'ग्रो' सर्वदूर पोचवलं. या बाईंची गाडी 'आज कुठे आहोत'पाशीच अडते. "मला आता काही येत नाही," म्हणतात. आम्ही जीएसटीतलं काय येतं आणि काय राहिलं याची यादी करतो. राहिलेल्याची यादी अर्ध्या पानाचीही होत नाही.

संध्याकाळी ६.००
नव्या माणसाचा ओळखीचा फोन. "मोटिव्हेशन हवंय." बोलता बोलता कळतं, की कित्येक आठवडे झोप नाही, जेवणावर वासना नाही, 'जगून काय करायचं' असं वाटतं. हे कोचिंगचं काम नाही. तसं स्पष्ट सांगते, मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सुचवते, फोन चालू असतानाच त्यांच्या भावाला बोलवून घ्यायला लावते आणि टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक लिहून घ्यायला सांगते. तो सरकारी आहे, मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. फी घेत नाही.

रात्री ८.३०
आता माझी पाळी. माझ्या मेंटॉर माझ्या एका सेशनचं रेकॉर्डिंग, अर्थात क्लायंटच्या परवानगीने, ऐकून बोट ठेवतात: इथे प्रश्नाच्या आडून सल्ला दिलास. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रालाही ६० तासांचं शिक्षण, १०० तासांचा अनुभव आणि १० तासांचं मेंटॉरिंग लागतं. भारतात कायद्याने मात्र कोच म्हणवून घ्यायला काहीच लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी सक्तीची आहे. कोचने पाटी लावली की झालं.

म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: शिक्षण कुठे झालं, तुमचं काम कोण तपासतं आणि कोणत्या माणसाला तुम्ही दुसरीकडे पाठवता? तिसऱ्या प्रश्नावर जो म्हणेल 'माझ्याकडे सगळ्यांवर इलाज आहे', त्याच्याकडे जाऊ नका.