स्तनाचा कर्करोग : रिपोर्टमधले ईआर-पीआर समजून घेऊ

वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही पाहतो, स्तनातील गाठीचा रिपोर्ट आला की घरचे फक्त 'कितवी स्टेज?' विचारतात. बायोप्सीच्या तपासणीत ईआर आणि पीआर अशा दोन नोंदीही असतात. पुढचे उपचार बरेचसे त्यांवर ठरतात.

इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही स्त्रीच्या शरीरातली संप्रेरके. काही कर्करोगपेशींत ती पकडणारे रिसेप्टर असतात आणि त्या बळावर गाठ वाढते. किमान १ टक्का पेशींत रिसेप्टर दिसले, तर रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' येतो. हा शब्द ऐकून घाबरू नका. हे बळ औषधाने तोडता येते. ईआर पॉझिटिव्ह रुग्णाने टॅमोक्सिफेनची गोळी ५ वर्षे घेतली, तर १५ वर्षांतला या आजाराने मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो.

ईआर, पीआर आणि हर-टू तिन्ही निगेटिव्ह असतील तर ही गोळी चालत नाही. बहुतेकदा केमोथेरपी लागते आणि आजार उलटण्याची भीती पहिल्या काही वर्षांत जास्त असते. पॉझिटिव्हमध्ये सुरुवातीची वर्षे तुलनेने बरी जातात, पण आजार १०-१५ वर्षांनीही उलटू शकतो. म्हणूनच 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळी सोडणे घातक आहे. अंगातून गरम वाफा येणे, पाळी बिघडणे असा त्रास झाल्यास डॉक्टरांना सांगावे, परस्पर गोळी थांबवू नये.

कार्यकर्त्यांनी एवढे करावे : रिपोर्टची प्रत जपायला सांगावी, तिन्ही नोंदी डॉक्टरांकडून समजून घ्याव्यात आणि उपचार संपल्यावरही त्या ताईला दर महिन्याला विचारावे, 'गोळी चालू आहे ना?'